सल्ला : विहिरीवरून रस्ता जातो, भाऊ संचकार (विसार) घ्यायला निघाला आहे

बेळगाव तालुक्यातील एका गावच्या शेतकऱ्याचे पत्र आले आहे. त्याचा आशय असा :

“वडिलांच्या माघारी आमची २ एकर १८ गुंठे जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. आई, आम्ही दोघे भाऊ आणि चंदगड तालुक्यात दिलेली बहीण असे चार वारस आहोत. पावसाळ्यात भात आणि नंतर मसूर, वाटाणा अशी पिके घेतो. शेत सखल आहे, बळ्ळारी नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस पाणी उभे राहते. तीन आठवड्यांपूर्वी नव्या मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात आमचे शेत पिवळ्या रंगात आहे आणि नेमका विहिरीवरून १८ मीटर रुंदीचा रस्ता दाखवला आहे. सूचना कन्नडमध्ये असल्याने नीट उमगली नाही. धाकटा भाऊ म्हणतो, जमीन आता प्लॉटचीच झाली, एजंटाकडून संचकार घेऊन मोकळे होऊ. त्यातच शेजाऱ्याने पाणंद नांगरून आमची वाट बंद केली, त्यामुळे त्याच्याशी बोलणे बंद आहे. रस्ता दाखवला म्हणजे जमीन गेली का? भाऊ परस्पर विकू शकतो का? आणि दावा आधी कोणावर लावू?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे : आज कोणावरही दावा लावू नका. आपल्यापुढे एक नव्हे, तीन वाद आहेत. एक नियोजनाचा, दुसरा घरातल्या हिश्श्याचा आणि तिसरा पाणंदीचा. यांपैकी जवळची मुदत फक्त पहिल्याला आहे आणि तिचा तिसरा हिस्सा सरूनही गेला आहे. हिश्श्याचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि पाणंदीचा वादही लवकर मिटत नाही, पण मसुद्यावर हरकत घेण्याचा काळ एकदा सरला की तो परत मिळत नाही. शिवाय ज्यांच्यावर आपला राग आहे ते भाऊ आणि शेजारी, तसेच कदाचित अजून विचारात न घेतलेली बहीण, त्यांच्याच सह्या आपल्याला या हरकतीवर हव्या आहेत.

मसुदा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ या कायद्याखाली नियोजन प्राधिकरण मास्टर प्लॅन तयार करते. त्याला तात्पुरती मंजुरी मिळाली की तो लोकांसाठी प्रसिद्ध होतो आणि कलम १३ नुसार त्यावर सूचना व हरकती देण्यास प्रसिद्धीपासून ६० दिवस मिळतात. त्यानंतर हरकतींचा विचार होऊन आराखडा सरकारकडे अंतिम मंजुरीसाठी जातो. निदान दर दहा वर्षांनी आराखड्याची फेरतपासणी व्हावी असे कायदा सांगतो, म्हणजेच आज गमावलेली संधी पुन्हा येण्यास बरीच वर्षे जाऊ शकतात. म्हणून पहिले काम हे की सूचनेवरील प्रसिद्धीचा दिनांक कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून नक्की करून घ्या आणि शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. “तीन आठवड्यांपूर्वी” हा अंदाज येथे चालणार नाही.

पिवळा रंग म्हणजे निवासी क्षेत्र. आपले शेत पिवळे झाले म्हणून ते आपोआप बिनशेती होत नाही आणि प्लॉट तर मुळीच होत नाही. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ च्या कलम ९५ खालची बिनशेतीची प्रक्रिया वेगळी असते आणि लेआउटची, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशाची, मंजुरी त्याहून वेगळी असते, ज्यात रस्ते, बाग आणि नागरी सुविधांसाठी जमिनीचा मोठा हिस्सा सोडावा लागतो. हे टप्पे न ओलांडता पाडलेले गुंठेवारीचे प्लॉट बेळगावभोवती किती आहेत आणि त्यातले घरमालक खात्यासाठी (मालमत्तेच्या नोंदीसाठी), पाण्याच्या जोडणीसाठी आणि बँकेच्या कर्जासाठी किती खेटे घालतात, हे आपण पाहतच आहात. आपल्या भावालाही ते दाखवा. उलट, पिवळ्या रंगामुळे आपली शेतीही थांबत नाही. आराखडा अंतिम झाला तरी जमिनीचा आजचा वापर तसाच चालू ठेवता येतो. नवे बांधकाम किंवा वापरातला बदल करायचा असेल तेव्हाच तो आराखड्याशी जुळावा लागतो.

नकाशावर रस्ता दाखवल्याने जमीन जात नाही. जमीन जाते ती संपादनाने किंवा आपल्या सहीने. संपादन झालेच तर २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे, मोबदल्याबरोबर त्याच्या शंभर टक्के सांत्वन रक्कम देतो आणि ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोन यांमधला गुणक लावतो. मास्टर प्लॅनमधील आरक्षणालाही अमर्याद आयुष्य नसते. नियोजन कायद्याच्या कलम ६९ मध्ये पाच वर्षांची मर्यादा आहे आणि त्या काळात संपादनाची कार्यवाही सुरूच झाली नाही, तर आरक्षण संपल्याचे मानले जाते, मात्र ते सिद्ध करण्यासाठी अनेकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. मला खरी काळजी वाटते ती सहीची. रस्त्याची जमीन विनामोबदला सोडून देण्याच्या कागदावर, लेआउटच्या गडबडीत किंवा एजंटाच्या सांगण्यावरून, कोणीही सही करू नये. तसा कागद समोर आला तर तो घरी आणा, वकिलाला दाखवा, मग ठरवा.

बेळगावजवळच्या हलगा–मच्छे बायपासच्या वादात शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव शिवारातील शेतकऱ्यांनी न्यायालयात आणि बांधावर जी झुंज दिली, ती अधिसूचना निघाल्यानंतरची होती. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हरकतीला अवघे २१ दिवस मिळतात आणि पुढची अधिसूचना निघाली की जमीन सरकारकडे निहित होते. आपल्याकडे त्याहून जास्त दिवस आहेत आणि रेघ अजून मसुद्यात आहे. त्या शेतकऱ्यांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळाले आहे, म्हणून मी इतका आग्रह धरतो आहे.

आता ती रेघ जवळून पाहू. अशा नकाशाचे प्रमाण एकास दहा हजार असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. आपले ९८ गुंठ्यांचे शेत साधारण एक हेक्टर भरते, म्हणजे त्या कागदावर ते आपल्या नखाएवढे, एक सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. वीस फूट व्यासाची विहीर त्यावर एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, तिचा ठिपका बहुधा काढलेलाच नसतो. रेघ आखणाऱ्याने आपली विहीर पाहिली आणि तरीही तिच्यावरून रस्ता नेला, असे समजून आपण रागावला आहात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याला विहीर दिसलेलीच नसते. हरकतीचे पहिले काम ती दाखवून देणे हे आहे. आणि तोच १८ मीटरचा रस्ता शेताच्या मधून शंभर मीटर गेला, तर सुमारे अठरा गुंठे त्याखाली जातील आणि उरलेल्या शेताचे दोन तुकडे होतील, ज्यांतला एक विहिरीला मुकेल. हा हिशेब हरकतीत आकड्यांनी मांडा.

मी कित्येक वर्षे अशा हरकती लिहून दिल्या आहेत आणि सुनावणीलाही बसलो आहे. “आम्हा गरीब शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, रस्ता रद्द करावा” एवढेच लिहिलेले अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकाली निघतात, कारण अधिकाऱ्याला त्यात करण्यासारखे काही सापडत नाही. तुमच्या अर्जात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, विहिरीचे स्थान बांधापासून किती मीटरवर आहे, पंपाच्या वीजजोडणीचा आर. आर. नंबर, त्या विहिरीवर किती गुंठे भिजतात आणि कोणती पिके येतात, हे सगळे यावे. चालू उताऱ्याची प्रत, विहिरीची नोंद असेल तर ती, आणि विहिरीचे दिनांक असलेले फोटो जोडा. त्याहून महत्त्वाचे, पर्याय द्या. रस्ता वीस-पंचवीस मीटर सरकवून सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून किंवा जुन्या पाणंदीवरून नेता येईल का, ते गाव नकाशावर पेन्सिलीने आखून दाखवा. नकाशावर तो बदल दोन-अडीच मिलिमीटरचा आहे. रद्द करण्यापेक्षा सरकवणे सोपे असते आणि ज्याच्याकडे तयार पर्याय आहे त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

पाण्याचा मुद्दा तर आपल्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि आपण तो पत्रात ओझरता लिहिला आहे. सखल भाताच्या शिवारात भराव घालून रस्ता केला आणि पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर नाल्याचे पाणी वरच्या अंगाला तुंबणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बळ्ळारी नाल्याकाठी काय झाले ते सर्वांनी पाहिले. त्या वर्षी आपल्या शेतात पाणी कुठवर आले, किती दिवस राहिले, पीकहानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत, हे जोडून अशी मागणी करा की ही जमीन निवासी क्षेत्रातून वगळून शेती क्षेत्रात ठेवावी आणि ते शक्य नसेल तर निदान पूररेषा तपासल्याशिवाय रंग कायम करू नये. भाताचे खाचर म्हणजे शहराच्या पावसाचे पाणी उतरून थांबण्याची जागा असते. तेथे घरे झाली की तेच पाणी घरांत शिरते. ही गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची जितकी आहे तितकीच उद्या तेथे प्लॉट घेणाऱ्या नोकरदाराच्याही हिताची आहे आणि नियोजनाच्या कायद्याचा हेतू हाच आहे.

भाषेविषयी : तक्रार निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे राज्य पुनर्रचनेनंतर मान्य झालेले धोरण आहे आणि मराठी सूचनेची मागणी आपण स्वतंत्र अर्जाने जरूर करावी. पण त्या मागणीच्या उत्तराची वाट पाहत हरकत अडवून धरू नका. हरकत मराठीत लिहा, सोबत कन्नड भाषांतर जोडा. टेबलावरचा कारकून कन्नड प्रत वाचेल आणि आपला मुद्दा त्याच दिवशी त्याच्या डोक्यात जाईल. दोन्हींवर पोच घ्या, शिक्का आणि दिनांकासह. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. सुनावणीची सूचना आली तर चौघांपैकी निदान दोघे हजर राहा.

आता घरातले. जमीन वडिलांच्या नावावर राहिली आहे ही पहिली उणीव आहे. वारसा नोंद आजच टाका. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ, एवढ्याने सुरुवात होते. फेरफाराची सूचना निघाल्यावर हरकतीला ठराविक दिवस असतात आणि निर्णय पटला नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. वंशावळीत बहिणीचे नाव घालताना कोणी कुरकुर करील, तर ती ऐकू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचा उरलासुरला संशयही काढून टाकला. वडील २००५ नंतर वारले असतील आणि आधी कधी वाटणी झाली नसेल, तर जमीन त्यांची स्वकष्टार्जित धरा की वडिलोपार्जित धरा, आईचा हिस्सा लक्षात घेता दोन्ही वाटांनी हिशेब चौथ्या हिश्श्यावरच येतो. म्हणजे प्रत्येकी साडेचोवीस गुंठे. वकिलाकडून एकदा मांडून घ्या, म्हणजे घरात हा आकडा वादाचा राहणार नाही.

भाऊ परस्पर विकू शकतो का, याचे उत्तर : स्वतःचा अविभक्त हिस्सा तो विकू शकतो, पण रस्त्याकडचा हा तुकडा माझा असे दाखवून विकू शकत नाही. घेणाऱ्याला ताबा नव्हे, वाटणी मागण्याचा हक्क मिळतो, म्हणजे तो आपल्या घरच्या दाव्यात पाचवा माणूस होऊन बसतो. शिवाय वडिलांकडून वारशाने आलेला हिस्सा बाहेर विकायचा झाल्यास इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिला आहे आणि शेतजमिनीलाही तो लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. कर्नाटकात सर्व्हे नंबरचा तुकडा विकायचा तर ११-ई नकाशा, म्हणजे त्या तुकड्याची मोजणी करून काढलेला नकाशा, लागतो. तो नसेल तर खरेदीखत नोंदवता येत नाही. संचकारपत्र मात्र चहाच्या टेबलावर होते आणि तेच घातक असते. एजंट दोन-तीन लाख टेकवून सही घेतो, मग मास्टर प्लॅन अंतिम होईपर्यंत जमीन अडकवून ठेवतो, भाव वाढला तर करार पुरा करून मागतो आणि पडला तर पैसे परत मागतो.

हे सगळे कायदे भावाच्या तोंडावर फेकू नका. त्याची निकड काय आहे ते आधी विचारा. कर्ज असेल, मुलांचे शिक्षण असेल, किंवा भाताच्या शेतीत आता राम नाही असे त्याला मनापासून वाटत असेल. तीही चुकीची भावना नाही. त्याच्यापुढे एवढेच मांडा की विकायची असली तरी विहिरीवरून रस्ता गेलेली, दोन तुकडे झालेली, पुरात बुडणारी जमीन विकण्यापेक्षा रस्ता हद्दीवर सरकलेली जमीन विकणे त्याच्याच फायद्याचे आहे. रस्ता सरकवण्याच्या हरकतीवर सही करण्यास त्याला अडचण नसावी. रंग पिवळा राहावा की हिरवा, म्हणजे शेतीचा, व्हावा यावर दोघांचे मत वेगळे असेल, तर ती मागणी आपल्या स्वतंत्र अर्जात ठेवा आणि रस्ता, विहीर व मोऱ्यांचा अर्ज चौघांच्या सह्यांनी द्या. पुढे वाटणी करायची वेळ आली की विहिरीवरचा सर्वांचा पाण्याचा हक्क आणि प्रत्येक हिश्श्याला जाणारी वाट वाटणीपत्रात लिहून घ्या आणि ते नोंदवा. दावा दाखल झालाच, तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तेथील निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचेच बळ असते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. आई आणि बहिणीला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

पाणंदीचे थोडक्यात सांगतो. गाव नकाशावर ती दाखवलेली आहे का, आणि आकारबंदात (सर्व्हे नंबरच्या क्षेत्राच्या सरकारी पत्रकात) तेवढे क्षेत्र ‘ब’ खराब, म्हणजे सार्वजनिक वापराची लागवडीबाहेरची जमीन, म्हणून वेगळे काढले आहे का, हे पाहा. तसे असेल तर ती सार्वजनिक वाट आहे आणि मोकळी करून देण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तशी नोंद नसेल, पण वीस वर्षांहून अधिक काळ तुम्ही उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता त्या वाटेने जात असाल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात हक्क सांगता येतो. आपल्या भागाचे १९५६ पूर्वीचे दप्तर मुंबई राज्यातले, त्यातले बरेच मराठीत आहे, काही मोडीत आहे. जुन्या टिपणात किंवा वाटणीपत्रात “पूर्वेस गाडीवाट” एवढे दोन शब्द सापडले तरी खटल्याचा रंग बदलतो. घरातल्या पेटीतले कागद काढा आणि मोडी वाचणारा माणूस गाठा.

पण शेजाऱ्याकडे अर्ज घेऊन जाण्यापूर्वी मसुद्याचा नकाशा घेऊन जा. जी रेघ आपल्या विहिरीवरून जाते ती पुढे त्याच्या खाचरातून जाणार, हे त्याने कदाचित पाहिलेलेच नाही. पाणंदीचा विषय त्या दिवशी काढू नका. रस्ता पाणंदीच्या बाजूने नेण्याचा पर्याय दाखवताना पाणंद नकाशावर आपोआप दोघांच्या समोर येईल आणि ती खरी कोठून जात होती हे त्याला आपल्या बोटाने दाखवावे लागेल. त्याने एकत्रित हरकतीवर सही केली तर पाणंद अस्तित्वात होती असे त्याच्याच सहीने लिहिले जाईल, म्हणून पर्यायाच्या वर्णनात “जुनी पाणंद” हे शब्द स्पष्ट घाला आणि सही करण्यापूर्वी त्याला ते वाचून दाखवा. त्याच्यापासून लपवून काही करू नका.

क्रम असा ठेवा. उद्या बहिणीला फोन, कारण तिला सर्वांत शेवटी कळले तर तिची सहीही शेवटी येईल. या आठवड्यात नकाशाची प्रमाणित प्रत आणि गाव नकाशा मिळवा आणि हद्दबस्तासाठी मोजणीचा अर्ज द्या. प्रत मिळाली नाही तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात मागा, मात्र त्याला ३० दिवस लागू शकतात हे धरून चाला आणि तोवर मसुदा लावलेल्या ठिकाणी जाऊन मोबाइलने फोटो काढून ठेवा, शेजारी फूटपट्टी धरून, म्हणजे प्रमाण काढता येईल. तो फोटो आणि विहिरीची बांधापासूनची मोजमापे मला पाठवा. रेघ खरोखर विहिरीवर पडते की तिच्या काठावर, हे मी कागदावर मोजून कळवतो आणि हरकतीचा मसुदाही पाहून देतो.